पाव्हण्यांचा तारांकित प्रश्न

आमच्या गावच्या ओढ्यावर पूल होता, पण पुलाला रस्ता नव्हता. हे ऐकून बाहेरचा माणूस हसतो. मीही पूर्वी हसवण्यासाठीच सांगायचे. हल्ली सांगवत नाही, म्हणून लिहिते आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, इंदापूर तालुक्यातली, सणसरच्या अलीकडच्या एका गावातली. पूल चांगला भक्कम होता. खांब होते, वर काँक्रीटचा स्लॅब होता, कठडे होते आणि कठड्यांना काळे-पांढरे पट्टेसुद्धा मारलेले होते. फक्त दोन्ही टोकांना पूल जिथं संपायचा तिथून जमिनीपर्यंत पुरुषभर खोल पोकळी होती. भराव टाकलाच नव्हता. पुलाची मंजुरी वेगळी आणि भरावाची मंजुरी वेगळी, असं ठेकेदार सांगून गेला, तो गेलाच. मग कुणीतरी एका टोकाला शिडी लावली. बायका त्या शिडीवरून चढून पुलावर कुरडया वाळत घालायच्या, शेंगा पसरायच्या, ज्वारीला ऊन द्यायच्या. इतकी स्वच्छ, सपाट आणि डुकरं-शेरडं न पोचणारी जागा सबंध गावात दुसरी नव्हती. माझी चुलती म्हणायची, "सरकारला बायकांची काळजी हाय बाई. वाळवणासाठी पूल बांधून दिला."

बैलगाड्या आणि उसाचे ट्रॅक्टर पुलाशेजारून, ओढ्याच्या तळातून जायचे. एसटीचा ड्रायव्हर काही तिथं गाडी घालायला तयार नव्हता, आणि त्यात त्याची चूकही नव्हती. त्यामुळे बारामतीची गाडी आम्हाला मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यावर सोडायची. फाटा ते गाव चांगली तासाभराची चाल. दोन्ही अंगाला ऊस. ऊस वाढला की दिवसासुद्धा त्या वाटेवर पुढचं माणूस दिसायचं नाही.

गावात शाळा दहावीपर्यंत होती. पुढं शिकायचं तर बारामती. पोरं सायकलवर फाट्यापर्यंत जायची, तिथल्या हॉटेलमागं सायकली लावायची आणि गाडी धरायची. पोरी दहावीनंतर घरी बसायच्या आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या अंगाला हळद लागायची. मला सायन्सला जायचं होतं. का, ते तेव्हा धड सांगता आलं नसतं. आमच्या शाळेतल्या कपाटात एक सूक्ष्मदर्शक होता. त्यातून मी एकदा कांद्याचा पापुद्रा बघितला होता, आणि त्यानंतर मला दुसरं काही बघावंसंच वाटत नव्हतं.

आई फाट्याच्या वाटेला घाबरायची. संध्याकाळची गाडी अंधार पडता पडता यायची. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरळ सांगून टाकलं होतं, "गाडी गावात आली की जा. तवर न्हाय. एकदा आली की मग कोण आडवतंय बघतो मी." आबा शब्दाचे पक्के, असं सगळं गाव म्हणायचं, मीही म्हणायचे. आमचा आज्जा मेंढरं घेऊन दरसाल कोकणापर्यंत पायी जायचा, आणि त्याच्या नातीला फाट्यापर्यंत चालायची बंदी. पण मला राग आला नव्हता. अट स्वच्छ होती. गाडी आली की मी जाणार होते.

आता पाव्हण्यांविषयी. ते आमदार होते, पण आमच्या मतदारसंघातले नव्हेत. विधान परिषदेतले, म्हणजे मत मागत दारोदार फिरायची गरज नसलेले. त्यांचं गाव, त्यांची शिक्षणसंस्था, सगळं दुसऱ्या जिल्ह्यात. पण त्यांची बायको आमच्या भावकीतली, आबांच्या चुलतभावाची लेक. त्यामुळे मुंबईत ते सन्माननीय सदस्य असले, तरी आमच्या गावात ते जावई होते. म्हातारी माणसंसुद्धा त्यांना 'पाव्हणं' म्हणायची आणि ते आबांना 'मामा' म्हणायचे. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. आमच्याकडं तो सबंध गावाच्या पत्रिकेत बसलेला होता. तो आला की पाट मांडायचा, त्याला काय हवं-नको ते बघायचं, जाताना टॉवेल-टोपी द्यायची. त्याला मात्र काही विचारायचं नाही. हा नियम कुणी कुणाला शिकवला नव्हता.

एका दिवाळीत ते सासुरवाडीला आले, तेव्हा आबांनी त्यांना पूल दाखवायला नेलं. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत ते शिडी चढले. वर चुलती शेंगा वाळवत बसली होती. ती बिचारी पदर सावरत उठली. पाव्हण्यांनी मूठभर शेंगा उचलल्या, पुलाच्या टोकापर्यंत गेले, खाली बघितलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"मामा, ह्यो पूल सभागृहातच न्यायला पाहिजे," ते म्हणाले. मग खाली उभ्या असलेल्या माझ्याकडं बघून म्हणाले, "काय गं, काय शिकायचंय पुढं?"

"सायन्स."

"मग झालं तर. हिच्यासाठी प्रश्न लावतो. तारांकित!"

तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो प्रश्न, हे मला आमच्या गुरुजींनी समजावून सांगितलं. त्यावर पुन्हा उपप्रश्न विचारता येतात, मंत्र्याला धारेवर धरता येतं. माघ महिन्यात छापील प्रश्न आला आणि गुरुजींनी तो पारावर मोठ्यानं वाचला. गावाच्या ओढ्यावर पूल बांधून तीन वर्षे झाली असूनही त्यास जोडरस्ता नाही, हे खरे आहे काय. असल्यास, सदर पुलावर झालेला खर्च वाया गेला असून एसटी बससेवेअभावी मुलींचे शिक्षण खंडित होत आहे, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने काय कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय. गुरुजी प्रत्येक 'काय'वर थांबायचे आणि पारावरची माणसं जोरात म्हणायची, "खरं हाय! खरं हाय!" मला वाटलं, झालं. इतकं सगळं खरं असताना मंत्री दुसरं काय म्हणणार?

प्रश्न लागला आणि गावात जिपा दिसू लागल्या. तीन वर्षांत जो इंजिनिअर कुणी बघितला नव्हता तो ओढ्यात उतरून फीत धरू लागला. डंपर आले. दोन्ही टोकांना मुरूम पडला. रोलर काही आला नाही. आबांनी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "वाहतुकीनं दबतो तो आपोआप." आणि एका सकाळी खरोखरच लाल गाडी फाट्यावरून आत वळली आणि धुरळा उडवत पुलावरून गावात आली.

त्या दिवशीचा आनंद मी खोटा म्हणणार नाही. म्हातारे रडत होते. पहिली गाडी गावात येते तेव्हा जे करतात ते सगळं आम्ही केलं. हलगी होती, गुलाल होता, चाकाखाली नारळ फोडला, आरशांना झेंडूच्या माळा घातल्या. ड्रायव्हर-कंडक्टरला फेटे बांधले, शेवचिवडा खायला घातला. गाडीला ओवाळायला मला पुढं केलं, कारण गाडी माझ्यासाठी आली होती. मी आईचं ताट घेऊन गाडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. बांधकाम खात्याचा एक माणूस कॅमेरा घेऊन आला होता. "ताई, जरा इकडं बघा. ताट थोडं वर धरा," तो म्हणाला. मी ताट वर धरलं. सरपंचानं त्यालाही फेटा बांधला.

दुसऱ्या दिवशी आबा मला त्या गाडीनं बारामतीला घेऊन गेले. मार्केट यार्डात त्यांचं काम होतं, ते उरकून आम्ही कॉलेजच्या फाटकाशी उभे राहिलो. मुली आतून बाहेर येत होत्या, कुणाच्या हातात पांढरा कोट घडी करून धरलेला. आबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "तुला बी असला कोट लागंल न्हाय का?" आयुष्यात आबांवर इतकं प्रेम मला कधी वाटलं नव्हतं.

गाडी आठ-दहा दिवस आली. उसाचा हंगाम चालू होता. पूल झाला म्हटल्यावर आमचेच ट्रॅक्टर, मागं दोन-दोन भरल्या ट्रॉल्या लावून, ओढ्याचा उतार सोडून पुलावरून जाऊ लागले. न दाबलेला मुरूम तो, किती टिकणार? एका टोकाला भराव खचला, ट्रॉली कलंडली, रस्त्यावर ऊस पसरला. दुसऱ्या दिवशी गाडी फाट्यावरूनच परत गेली. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती, आणि आमच्या प्रश्नाची तारीख चार दिवसांवर आली होती.

अधिवेशन बघायला गावातली दहा-बारा माणसं मुंबईला निघाली, त्यात मी एकटीच मुलगी. पाव्हण्यांचाच निरोप होता, "तिला आणा, तिच्यासाठीच तर प्रश्न लावलाय." आमदार निवासात त्यांच्या खोलीत सतरंजीवर आम्ही बसलो. ते आले तेव्हा बाकीचे प्रवास कसा झाला ते सांगत राहिले. मीच म्हणाले, "गाडी बंद झाली. भराव खचला."

आबांनी माझ्याकडं डोळे वटारले. पाव्हणे मात्र खुशीत हसले. "बंद झाली? लई भारी! मंत्री म्हणणार गाडी चालू केली, आणि मी उपप्रश्नात त्याला उभा सोलतो बघ उद्या. तू फक्त वर बसून बघ."

मी रात्रभर ते वाक्य घोळवत होते. उभा सोलतो.

सकाळी प्रेक्षक गॅलरीत बसण्याआधी आम्हाला बजावण्यात आलं. बोलायचं नाही, हसायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, वाकून खाली बघायचं नाही, पेंगायचं नाही. आबांची काठी बाहेर ठेवून घेतली. खाली गार हवा होती आणि सगळं तपकिरी, गुळगुळीत होतं. पाव्हणे तिसऱ्या रांगेत बसले होते. आमचा क्रमांक पुकारला तसे ते उठले, प्रश्नाचा क्रमांक म्हणाले आणि बसले. मंत्री उठले. ते आमच्या गावाचं नाव चुकीचं म्हणाले, मागच्या कुणीतरी सांगितल्यावर सुधारून म्हणाले. मग हातातल्या कागदावरून वाचू लागले.

जोडरस्ता नाही हे खरे नाही. जोडरस्ता पूर्ण असून बससेवा सुरू करण्यात आलेली आहे. खर्च वाया गेला, हा प्रश्न उद्भवत नाही. विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही. आणि मग कागदावरून नजर उचलून, जरा हसून, त्यांनी सांगितलं, "सभापती महोदय, इतकंच नव्हे, तर गावातल्या एका विद्यार्थिनीनं गाडीचं औक्षण केलं, त्याचं छायाचित्र माझ्याकडे आहे. सन्माननीय सदस्यांना हवं असल्यास मी ते पटलावर ठेवतो."

बाकं वाजली. सगळीकडून वाजली, आमच्या पाव्हण्यांच्या बाजूनंही. माझं ताट, माझं निरांजन, ते वर धरलेले माझे हात त्या माणसाच्या फायलीत होते. आम्ही गाडीला ओवाळलं होतं. त्यांनी आमच्या ओवाळण्याची पावती करून घेतली होती. गॅलरीत तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो ते मला कळलं. तरी मला धीर होता, कारण पाव्हणे उपप्रश्नाला उठले होते.

ते म्हणाले, "सभापती महोदय, मंत्रिमहोदयांनी दाखवलेल्या तत्परतेबद्दल मी त्यांचं अभिनंदन करतो. हीच तत्परता ते माझ्या संस्थेच्या महाविद्यालयाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाबतीत दाखवतील काय? तो रस्ता गेली अनेक वर्षं मंजुरीसाठी पडून आहे."

मंत्री म्हणाले, "निश्चित. या अधिवेशनातच निर्णय घेऊ."

पुढचा क्रमांक पुकारला गेला. सगळं मिळून आमच्या गावाच्या वाट्याला पाच-सात मिनिटंही आली नसतील. मी आबांकडं बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, त्यांनाही कळलं. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "ऐकलंस का? दोनदा नाव घेतलं आपल्या गावाचं. हितं, भर सभागृहात!"

बाहेर पायऱ्यांवर सगळ्यांनी पाव्हण्यांच्या गळ्यात हार घातला. मी म्हणाले, "गाडी बंद झाल्याचं तुम्ही विचारलं न्हाय." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, सभागृहात कधी दाबायचं आणि कधी सोडायचं याचं गणित असतं." सगळे हसले. मग आम्हाला समुद्र दाखवायला नेलं.

गावात आल्यावर जिलेबी वाटली. आबा जो भेटेल त्याला सांगत होते की मंत्र्यानं उठून उत्तर दिलं, बाकं वाजली, आपल्या पोरीचा फोटो सभागृहात गेला. भराव तसाच खचलेला होता. चुलती पुन्हा शिडी चढू लागली होती.

जूनमध्ये निकाल लागला. सायन्सला सहज प्रवेश मिळेल इतके गुण होते. मी आबांना घेऊन डेपोत गेले. तिथले साहेब सज्जन होते, त्यांनी चहा पाजला. म्हणाले, "आमाला काय, आमी आज गाडी सोडतो. पर रस्ता नीट करून द्या. बांधकामवाले म्हणत्यात रस्ता झाला, सभागृहात तसं उत्तर गेलंय. आता झालेल्या कामावर परत पैसे कसे टाकायचे?" मी म्हणाले, मग पाव्हण्यांना पुन्हा प्रश्न लावायला सांगू. आबा पिशवी उचलून गाडीकडं निघाले. गाडी फाट्यावर उतरवून गेल्यावर, उसातल्या वाटेनं चालताना ते बोलले.

"त्यांनी भर सभागृहात मंत्र्याचं अभिनंदन केलंय. आता आपुनच म्हणायचं गाडी न्हाय? जावयाला तोंडघशी पाडायचं?"

"आणि माझं काय?"

"बघू," आबा म्हणाले. आमच्याकडं 'बघू' म्हणजे काय ते घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायची आमच्याकडं रीत आहे. भावकीतल्या प्रत्येक घरानं पाव्हण्यांना बोलावणं धाडलं, आमच्याकडं ते एका मंगळवारी सकाळी आले. कॉलेज सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले होते. मी आईला सांगून ठेवलं होतं की आज मी विचारणार. जावई असोत, नाहीतर ब्रह्मदेव असोत. आई नको म्हणाली नाही. पुरण वाटताना मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. मला ते त्यांच्याच भाषेत विचारायचं होतं, हे खरे आहे काय, असल्यास, नसल्यास.

माजघरात पाट मांडला होता, भोवती रांगोळी. पाव्हणे जेवायला बसले. शेजारी आबा, समोर सरपंच, गुरुजी आणि भावकीतली चार माणसं. मी तुपाची वाटी घेऊन गेले. पाव्हण्यांच्या पानाशी वाकले. त्यांनी मान वर करून बघितलं, ओळखलं, आणि अगदी मायेनं म्हणाले, "काय गं, सायन्सवाली? जातीस ना कॉलेजला? गाडी वेळेवर येते ना?"

प्रश्न त्यांनीच विचारला होता. मला फक्त उत्तर द्यायचं होतं. मी तोंड उघडलं.

"जाती की!" आबा म्हणाले. "रोज जाती. गाडी अगदी टायमाला येती पाव्हणं. तुमची किरपा."

सरपंचानं पानात बघितलं. गुरुजींनी पाण्याचा तांब्या उचलला आणि पुन्हा ठेवला. शब्दाला पक्का असलेला माणूस माझ्याकडं बघत नव्हता. पाव्हण्यांनी एकदा घड्याळाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. कामाचा दिवस होता, कॉलेजची ऐन वेळ होती, आणि मी त्यांच्यासमोर तूप वाढत उभी होते. ते मूर्ख नव्हते. "छान," ते म्हणाले. "शिकवा मामा, पोरींना शिकवलं पाहिजे." आणि त्यांनी धोंडा मोडला.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मी लोणी देवकरला आले. नवरा तिथल्या कारखान्यात कामाला. मुक्त विद्यापीठातून, पोरं निजवून, मी बी.ए. झाले. सायन्स काही घरी बसून होत नाही. आबा गेले तेव्हा मी रडले, चांगलंच रडले. त्यांनी माझं खूप केलं होतं, आणि तरीही एक गोष्ट मी त्यांना माफ केली नाही, आजही करत नाही. त्या मंत्र्यावर माझा फारसा राग नाही. त्याला उत्तर कुणीतरी लिहून दिलं होतं. आबांना कुणी लिहून दिलं नव्हतं.